सात नावं कुठे गेली?

२०२२ सालच्या जूनमधली गोष्ट. शाळा सुरू होऊन पाच-सहा दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईचं काम करतात, एवढं मला माहीत होतं. अर्ध्या दिवसाचा खाडा करून आल्या होत्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. उंबऱ्यावरूनच हळू आवाजात म्हणाल्या, "आपा, हमारी लडकी का नाम कायकू काटे?"

मी म्हटलं, "कशातून?"

"वो कापियां, दफ्तर दिए ना सबको, उसमें से."

मी कुणाचंही नाव कापलं नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलंही, जरा ठसक्यातच. त्या "अच्छा आपा" म्हणून निघून गेल्या. ठसका उतरायला मला संध्याकाळ लागली. नाव खरंच कापलं गेलं होतं, आणि ते मीच कापलं होतं. माझ्या हातून, माझ्या कॉम्प्युटरवर, दहा-बारा ओळींच्या एका प्रोग्राममध्ये. आणि एकटीचं नाही, सात मुलांचं.

हे कसं झालं ते नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. थोडा कॉम्प्युटरचा हिशेब येईल. तुमच्यापैकी ज्यांना त्याची सवय नाही त्यांनी घाबरू नये, मलाही नव्हती.

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. लहान वर्गांना उर्दू आणि मोठ्या वर्गांना मराठी. दरवर्षी रमजानमध्ये आम्ही काही शिक्षक आणि मोहल्ल्यातली ओळखीची चार घरं मिळून जकातीचे पैसे एकत्र करतो. त्यातून जूनमध्ये गरजू मुलांना बारा वह्या, कंपास, दफ्तर आणि गणवेशाचा एक जोड असा संच देतो. समिती नाही, बॅनर नाही, फोटो नाही. त्या वर्षी ११८ मुलं निवडली होती.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद असताना माझ्या भाच्याने मला पीएचपी शिकवली होती. वेबसाइट चालवायला वापरतात ती ही स्क्रिप्टिंग भाषा. रासमस लेरडॉर्फ नावाच्या माणसाने १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानाच्या कामासाठी ती लिहायला घेतली आणि १९९५ मध्ये लोकांसाठी खुली केली. नावातली पहिली अक्षरंही 'पर्सनल होम पेज'वरूनच आली. बीएडला आम्हाला फळ्यावर अक्षर कसं काढावं ते शिकवलं होतं, हे काही शिकवलं नव्हतं. चाळिशीत नवीन काहीतरी येऊ लागलं याचाच मला मोठा आनंद. म्हणून याद्या एकत्र करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

याद्या तीन होत्या. पहिली वर्गशिक्षकांची, उर्दूत, मुलांच्या पहिल्या नावाप्रमाणे लावलेली. दुसरी कार्यालयातली, मराठीत, आडनावाप्रमाणे: अत्तार, इनामदार, खान, तांबोळी, नदाफ, पठाण, बागवान, मुजावर, मुलाणी, शेख, सय्यद. तिसरी यादी आमच्या दोन सहकारी शिक्षिकांनी घरोघर जाऊन केलेली. त्यात मुलाचं नाव, पालकांचा मोबाईल आणि गणवेशाचं माप. गल्ली जशी लागत गेली तशी नावं उतरवली होती.

पीएचपीत अशा यादीला 'अ‍ॅरे' म्हणतात. एकेरी अ‍ॅरे म्हणजे हजेरीपटातला नावांचा एकच उभा रकाना. प्रत्येक जागेला एक चावी असते, म्हणजे 'की'. तुम्ही काही सांगितलं नाही तर भाषा आपणच शून्यापासून क्रमांक देते. बहुमितीय अ‍ॅरे म्हणजे अख्खा हजेरीपट. प्रत्येक ओळ एका मुलाची आणि त्या ओळीत पुन्हा रकाने: उर्दू नाव, मराठी नाव, माप, मोबाईल. यादीच्या प्रत्येक जागेत आणखी एक छोटी यादी बसवलेली असते, एवढंच. तीन याद्यांचा असा एक हजेरीपट मला करायचा होता.

'मर्ज' म्हणजे एकत्र करणं, हे मला माहीत होतं. म्हणून पहिल्यांदा 'अ‍ॅरे_मर्ज' हे फंक्शन वापरलं. काय व्हावं? ३५४ नावांची एक लांबलचक रांग. पहिली यादी संपली की तिच्या शेपटीला दुसरी, दुसरीच्या शेपटीला तिसरी. शेजारी शेजारी नव्हे, एकामागे एक. शिवाय आकड्यांच्या चाव्या असतील तर हे फंक्शन त्या टाकून देतं आणि शून्यापासून नवीन क्रमांक घालतं. भाचा हसला. म्हणाला, "खाला, तुम्ही तीन वर्ग एका वर्गात कोंबले."

मग त्याने 'अ‍ॅरे_मॅप' सांगितलं. त्याला फंक्शनच्या जागी 'नल' द्यायचं आणि पुढे तिन्ही याद्या. ते प्रत्येक यादीतला पहिला घटक उचलून एक ओळ करतं, मग दुसरा, मग तिसरा. झिपरची दातं एकमेकांत बसावीत तसं. एखादी यादी लहान असली तर शेवटी तिच्या जागा रिकाम्या सोडतं. माझ्या तिन्ही याद्यांत ११८ नावं होती, त्यामुळे रिकामं काही राहिलं नाही. स्क्रीनवर ११८ ओळींचा सुरेख तक्ता आला. मी खूश.

पहिलीच ओळ वाचली. उर्दूत एका मुलाचं नाव, मराठीत एका मुलीचं आणि माप तिसऱ्याच कुणाचं.

दोन्ही भाषा शिकवणाऱ्या बाईने ही चूक करावी याची मला लाज वाटली. पहिल्याशी पहिला जोडायचा तर तिन्ही याद्या एकाच क्रमात हव्यात. पहिल्या नावाने आणि आडनावाने लावलेल्या याद्या जुळणार नाहीत हे उघड आहे. पण समजा दोन्ही पहिल्या नावाने लावल्या असत्या, तरी जुळल्या नसत्या. मराठीत सना, सलमा, सबा या तिघी एकाच 'स'खाली येतात. उर्दूत सना 'से'ची, सलमा 'सीन'ची आणि सबा 'स्वाद'ची. सनाची हजेरी सुरुवातीलाच होते, बाकी दोघींना दाल, रे, जे ओलांडेपर्यंत थांबावं लागतं. 'ज'ची तर तऱ्हाच वेगळी. जमीला जीमची, जाकिर जालचा, जैनब जेची, जियाउद्दीन ज्वादचा आणि जहीर जोयचा. मराठीत पाचही जण एका बाकावर. आयेशा मराठी यादीत वरच्या टोकाला असते, उर्दूत ती 'ऐन'ची असल्यामुळे खूप खाली जाते. तीच मुलगी, तोच वर्ग, पण एका लिपीत पुढच्या बाकावर आणि दुसऱ्या लिपीत मागच्या.

म्हणजे यादीतली जागा ही मुलाची ओळख नव्हे, हे कळलं. मग ओळख कोणती? मी म्हटलं, नाव. आणि खरी चूक इथे झाली.

मी दोन रात्री बसून उर्दू यादीतल्या प्रत्येक नावासमोर मराठी नाव लिहिलं. तिन्ही याद्यांतली वेगवेगळी स्पेलिंगं एकसारखी केली. आयशा, आएशा, आईशा या सगळ्यांना 'आयेशा' केलं, कारण कॉम्प्युटरला काना-मात्रेचा फरक म्हणजे वेगळं माणूस. आडनाव आणि नाव, एवढंच ठेवलं. वडिलांचं नाव काही ठिकाणी होतं, काही ठिकाणी नव्हतं, म्हणून सगळीकडून काढून टाकलं. मग 'अ‍ॅरे_कम्बाइन' वापरून प्रत्येक यादीला नावाच्याच चाव्या लावल्या आणि त्या चाव्यांवरून तिन्ही याद्या एका तक्त्यात ओवल्या. आता ओळी वाचल्या तर उर्दू आणि मराठी नाव बरोबर जुळत होतं.

शेवटी 'काउंट' केलं. १११.

११८ची यादी १११ झाली होती. इथे मी थांबायला हवं होतं. मी थांबले, पण चुकीच्या विचारावर थांबले. मला वाटलं, सात नावं दुबार असणार. कुणीतरी दोनदा नाव लिहून घेतलं असेल. एका शिक्षिकेला सांगितलं, परत दुसरीला सांगितलं, म्हणजे दोन संच मिळतील. "फुकटचं म्हटलं की असंच होतं," हे वाक्य माझ्या मनात आलं, ते मी इथे लपवत नाही. कॉम्प्युटरने दुबार नावं बरोबर पकडली म्हणून मला उलट कौतुकच वाटलं. दुकानदाराला १११ संच सांगितले. वाटून झाले.

त्या बाई येऊन गेल्या त्याच दिवशी शेवटच्या तासाला आठवीतली एक मुलगी नवा गणवेश घेऊन आली. तिला आपण आयेशा म्हणू. गणवेश चांगलाच आखूड होता. तिच्या ओळीत मी पाचवीतल्या मुलीचं माप वाचलं होतं. हे माप आलं कुठून? घरी जाऊन तिन्ही मूळ कागद समोर घेऊन बसले, तेव्हा उलगडलं.

आमच्या यादीत शेख आयेशा दोन होत्या. एक आठवीतली, एक पाचवीतली. पाचवीतली त्या शिलाई करणाऱ्या बाईंची. एका चावीला एकच कप्पा असतो. त्याच चावीने दुसरं काही ठेवलं की आधीचं बाहेर पडतं आणि पीएचपी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. चूक म्हणून सांगत नाही, इशारा देत नाही. शेवटी जो येतो तो राहतो. उर्दू यादीत आठवीतली आयेशा नंतर होती, म्हणून तिचं उर्दू नाव आणि वर्ग राहिला. मापाच्या यादीत पाचवीतली नंतर होती, म्हणून तिचं माप राहिलं. माझ्या सुरेख तक्त्यातली ती ओळ अर्धी एका मुलीची होती, अर्धी दुसरीची. एकीला आखूड कपडा मिळाला आणि दुसरीला काहीच नाही.

अशा जोड्या सात निघाल्या. एकही दुबार नोंद नव्हती. कुणीही दोनदा नाव लिहून घेतलं नव्हतं. सात वेगळी मुलं, सात वेगळी घरं.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. ज्यांनी विश्वासाने पैसे दिले होते त्यांना सांगणं भाग होतं, ती अमानत होती. कुणी रागावलं नाही. आम्ही वर्गणी काढून सात संच आणले आणि एका सहकारी शिक्षिकेला घेऊन मी त्या सात घरी गेले.

पहिल्यांदा त्या बाईंकडे. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कंप्युटर की गलती है आपा, तुम क्या करेंगे." मी म्हटलं, नाही, माझीच. त्यांनी चहा टाकला.

पण मला खरं टोचलं ते पुढच्या एका घरी. सातपैकी सहा घरांतून कुणी विचारायलासुद्धा आलं नव्हतं. एका मुलाच्या आजीला मी विचारलं, "शेजारच्यांना मिळालं, तुम्हाला नाही मिळालं, तर शाळेत का नाही आलात?" आजी म्हणाल्या, "हमकू लगा, हमारेसे ज्यादा जरूरतवाला कोई निकला होंगा. उसकू दिए होंगे."

मी सात नावं कमी झालेली बघून लोकांची हाव धरली होती. त्यांनी आपलं नाव गेलेलं बघून दुसऱ्याची गरज धरली होती. परतीच्या रस्त्यावर मी आणि माझी सहकारी, दोघी काही बोललो नाही.

मग तक्ता पुन्हा केला, आणि तो कसा केला ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला मशिदीच्या, बचतगटाच्या किंवा शाळेच्या याद्या कराव्या लागत असतील.

चावी म्हणून मुलाचा जनरल रजिस्टर क्रमांक घेतला. शाळेत नाव घालताना मिळतो तो. तो बदलत नाही आणि आमच्या शाळेत दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. तिन्ही याद्यांत तो लिहून घेतला. मग 'फॉरईच' नावाचा साधा फेरा. एक यादी घ्यायची, तिच्यातल्या प्रत्येक नोंदीचा क्रमांक बघायचा आणि त्या क्रमांकाच्या ओळीत त्या यादीचा रकाना भरायचा. साधारण असं:

तक्ता[क्रमांक]['उर्दू'] = उर्दू नाव
तक्ता[क्रमांक]['मराठी'] = मराठी नाव
तक्ता[क्रमांक]['माप'] = माप

ओळ आधी नसेल तर पीएचपी ती आपणच तयार करते, असेल तर तिच्यात भर घालते. याद्या कोणत्याही क्रमाने असोत, काही बिघडत नाही. दोन शेख आयेशा आता दोन ओळींत सुखाने राहतात.

इथेही एक खड्डा लागला. काउंट केलं तर १२१. या वेळी कमी नाही, तीन जास्त. आता मी कुणावर संशय घेतला नाही, कागद बघितले. कार्यालयाच्या यादीत जुने क्रमांक चार आकडी करण्यासाठी पुढे शून्य लावले होते, ०९४१ असे. दुसऱ्या यादीत ९४१. पीएचपीत '९४१' असा मजकूर चावी म्हणून दिला तर ती त्याला आकडा समजते. '०९४१' दिला तर तो मजकूरच राहतो. म्हणजे दोन चाव्या, आणि एकाच मुलाच्या दोन अर्धवट ओळी. चावी वापरण्याआधी सगळे क्रमांक आकड्यात बदलून घेतले. मग ११८ आले.

आणि शेवटचं काम. तक्ता झाला की 'अ‍ॅरे_डिफ_की' हे फंक्शन चालवायचं. एका यादीत आहे आणि दुसऱ्या यादीत नाही, अशा चाव्या ते काढून देतं. प्रत्येक दोन याद्यांसाठी, दोन्ही बाजूंनी. जे क्रमांक निघतील ते वेगळ्या कागदावर छापायचे आणि तो कागद हातात घेऊन माणसांना विचारायचं. यंत्राला नाही.

शिकवताना मी मुलांना कधीकधी हा तक्ता दाखवते. एका ओळीत एक मूल. पहिल्या रकान्यात उजवीकडून डावीकडे लिहिलेलं नाव, दुसऱ्यात डावीकडून उजवीकडे लिहिलेलं. एखादं मूल विचारतं, "टीचर, यातलं असली कौनसा?" मी म्हणते, ओळ बघ, ओळ एकच आहे. मला स्वतःला हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेलाय. मोहल्ल्यात विचारतात, मराठीची टीचर कशी काय झालीस? बाहेर म्हणतात, तुम्ही मराठी फार छान बोलता हो, जणू मी परगावाहून आलेय. माझी उर्दू माझ्या मराठीच्या शेपटीला जोडलेली नाही आणि मराठीने उर्दूला कप्प्यातून बाहेर ढकललेलं नाही. दोन्ही एकाच ओळीतले रकाने आहेत.

पण माझ्यासारख्या शिक्षिकेचं निभावून जातं. आमच्या मुलांच्या नावाची गोष्ट तेवढी हलकी नाही. दाखल्यावर आयेशा, आधारवर आयशा, बँकेत आएशा. एका कागदावर आडनाव पुढे, दुसऱ्यावर मागे, तिसऱ्यावर गायब. नाव जुळत नाही म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलेली मुलं मी दरवर्षी बघते. तिथेही कुणीतरी माझ्यासारखंच नावाची चावी करून बसलेलं असतं, आणि न जुळलेली ओळ गळून पडते. गळली हेसुद्धा त्याला कळत नाही. म्हणून आता पहिलीत नाव घालायला पालक आले की मी तिन्ही लिप्यांत, मराठी, उर्दू आणि इंग्रजीत, नाव त्यांच्यासमोर लिहिते, वाचून दाखवते आणि मगच पुढे जाते. वेळ लागतो. मागे रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

या जूनमध्ये पुन्हा याद्या आल्या. १३२ मुलं होती. पहिल्या फेरीला काउंट १३१ आलं. मी प्रोग्राम बंद केला, चप्पल घातली आणि विचारायला निघाले.